चेन पुसणारे मामाजी

रविवारी सकाळी मामाजी मोटरसायकलची चेन धुवायला बसले की अंगणात दोन पाट मांडायचे. एकावर स्वतः बसायचे. दुसरा समोर, रिकामा. आणि हात चालू असताना त्या रिकाम्या पाटाशी हलक्या आवाजात बोलत राहायचे.

मी लग्न होऊन नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या घरात आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पहिल्याच रविवारी मेथीची जुडी निवडायला म्हणून मी अंगणात गेले आणि मोकळा दिसला त्या पाटावर बसले. हातातला ब्रश मामाजींनी परातीत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई आतून धावत आल्या आणि मला दंडाला धरून उठवलं.

"तिथं नको बसू वं."

"का हो?"

"मले काय मालूम? लढाईवरून आले तवापासून असंच आहे."

मामाजी म्हणजे माझे सासरे. लष्करात ते मोटरसायकलस्वार होते. एका ठाण्यावरचा लेखी हुकूम दुसऱ्या ठाण्यावर पोचवायचा, हे त्यांचं काम. पासष्टच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन घरी आले आणि विजेच्या लाइनीवर गस्तीची नोकरी धरली. नागपूरहून निघायचं, तारांच्या खालून शेताशेतातून, नाले ओलांडत, बैलगाडीच्या चाकोरीतून सावनेरच्या पुढपर्यंत जायचं. कुठे तार लोंबली, कुठे खांब कलला, ते बघायचं. गाडी कामठीच्या लिलावात घेतलेली, लष्करातलीच जुनी. संध्याकाळी ते आणि गाडी, दोघंही काळ्या मातीनं लिंपून परत येत. मामाजी आधी गाडी धूत, मग स्वतःचे पाय.

चेन मात्र रविवारी. पकडीनं जोडकडीचं लॉक काढून ती अख्खी उतरवायची, जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, परातीत रॉकेलमध्ये भिजत घालायची, दातांच्या जुन्या ब्रशनं कडी न् कडी घासायची. परातीत तळाशी काळा गाळ बसायचा. तो ते बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून बघत, कचकच लागते का ते. मग चेन फडक्यानं कोरडी करून उन्हात टांगायची, पुन्हा चढवायची. लॉकचं उघडं तोंड चेन धावते त्याच्या उलट दिशेला ठेवायचं. मग मागचं चाक हळूहळू फिरवत प्रत्येक कडीच्या सांध्यात पातळ तेलाचा एकेक थेंब. आणि थोड्या वेळानं, मला सगळ्यात नवल वाटायचं ते, लावलेलं तेल पुसून टाकायचं. बोटाला डाग लागेनासा होईपर्यंत पुसत राहायचे. "चेनीले तेल पोटात लागते," ते म्हणत, "अंगाले नाही."

एकदा दिवाळीच्या आधी आमच्या ह्यांनी वडिलांचा त्रास वाचावा म्हणून गाडी लकडगंजच्या एका मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं चेनला हात भरून ग्रीस चोपडून दिलं. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा चेन पिवळट, ओलसर चमकत होती. हे कौतुकानं दाखवायला लागले. मामाजींनी एक बोट लावलं. गाडीचा आधार घेऊन ते खाली बसले. तसेच बसल्या बसल्या धोतराच्या सोग्यानं ग्रीस पुसायला लागले. फडकं आणून दिलं तर घेतलं नाही. त्या दिवशी जेवले नाहीत. ह्यांनी पुन्हा त्या गाडीला हात लावला नाही.

मग मामाजींच्या डोळ्यांत मोतिया आला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं. रविवार आला तसे ते खाटेवर तळमळायला लागले. मी म्हटलं, "मी करते. तुम्ही नुसतं सांगा." डोळ्यांवर पट्टी बांधलेले मामाजी खाटेवर, मी परातीपाशी. आवाजावरून ते मला सांगत, "आता घास. तिथं नाही घासलं, बाई, पुढं गेलीस." तेल लावून झालं. मी हात पुसायला उठले.

"पुसलं का?"

"काय?"

"चेन पुसली का? कोरडी पुस. रेती चिकटते."

"मामाजी, इथं कुठे रेती आहे?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "मी त्याच्या चेनीले ग्रीस लावलं होतं, बाई."

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. पलटणीत त्यांच्या जोडीला सावनेरजवळचा एक उंच पोरगा होता. मामाजींना सगळे 'नागपूर' म्हणत, त्याला 'सावनेर'. पश्चिमेकडच्या वाळूत त्यांचा तळ होता. सावनेरला अंगात ताप होता, म्हणून त्याची गाडीही मामाजींनीच तयार केली. रणगाड्यांच्या मिस्त्रीकडून त्यांनी थोडं उंची ग्रीस मिळवलं होतं, दोन गाड्यांना पुरण्यासारखं नव्हतं. सगळं त्यांनी सावनेरच्या चेनला लावलं. "लेकराले तेल चोळावं तसं लावलं, बाई. चांगली चीज होती, दोस्ताले द्यावी म्हटलं." स्वतःच्या चेनला नुसतं इंजिनाचं थोडं तेल लावलं. सकाळी वारा सुटला. दोन ठाण्यांसाठी हुकमांची दोन पाकिटं निघाली, एक सावनेरकडे गेलं, एक मामाजींकडे. मामाजी परत आले तेव्हा त्यांच्या तेवढ्याशा तेलावरही रेतीचा थर बसला होता, चेन करकरत होती. ती बघून त्यांना सावनेरच्या चेनचं काय झालं असेल ते कळलं. सावनेर आला नाही. गाडीही सापडली नाही.

"चेन अडकली, म्हणूनच असं झालं हे तुम्हाला काय माहीत?" मी म्हटलं.

"तेच तं माहीत नाही," मामाजी म्हणाले.

लाइनीची नोकरी मिळाली तेव्हा ह्या बाजूचाच तुकडा त्यांनी मागून घेतला होता. तारा त्या दोस्ताच्या गावावरून जात. इतकी वर्षं त्या खांबांखालून ते जात होते, त्याच्या घराच्या छपरावरचं कवेलू ओळखत होते, आणि शिवेवरून गाडी वळवत होते. त्याची म्हातारी आई तिथे एकटी राहते, हेही त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "आपण जाऊ." ते नाही म्हणाले. मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ते नाही म्हणत राहिले. सासूबाई गेल्या त्या वर्षी एका सकाळी बूट घालून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चाल." मी पदर खोचून मागं बसले. चाकोरीतून जाताना गाडी उसळत होती. त्यांची पाठ दगडासारखी ताठ होती.

म्हातारी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मामाजींनी बूट काढले, तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि ग्रीसपासून रेतीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती, पण हात थांबले नव्हते. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी जेवला होता का तो?"

मामाजी गोंधळले. मग आठवून म्हणाले, "हो, माय. दोन पोळ्या, गूळ. मले म्हने, गूळ खारट लागून राहिला. तापाचं तोंड होतं." आणि तेव्हा कुठे ते रडले. इतक्या वर्षांत त्यांना त्याची चेनच आठवत आली होती.

म्हातारी म्हणाली, "चेन तुटली तं गाडी थांबली असंल. माणूस पायानं चालते. तो कुठं तरी चालून राहिला असंल."

मला वाटलं होतं, तिथून ते हलके होऊन परततील. झालं उलटंच. रविवारी दोन पाट मांडले, पण तोंडातून शब्द निघेना. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जित्या माणसाशी असं कसं बोलू?" नंतर सावनेरचा तो पाट त्यांनी माळ्यावर ठेवून दिला. आता ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलीकडे मान वळवून बघायला लागले. स्टँडवर, बाजारात, चाळिशी-पन्नाशीचा कोणी उंच माणूस दिसला की हातातली पिशवी तशीच धरून थांबत. मेलेल्या सावनेरबरोबर त्यांनी कसं तरी जमवून घेतलं होतं. हा जिवंत सावनेर त्यांना कुठेच बसू देईना.

मात्र म्हातारीकडे ते जात राहिले. गस्तीच्या वाटेवर गाडी आता शिवेवरून वळत नसे. तिचं कवेलू फेरून दे, तिला दवाखान्यात ने, तिच्या ओट्यावर बसून चहा पी. नोकरी संपली तरी गेले. ती त्यांना 'नागपूर' अशीच हाक मारायची.

मामाजी थंडीच्या दिवसांत गेले, दोन दिवसांच्या तापानं. सगळं आटोपल्यावर म्हातारीला कळवायला मी एसटीनं गेले. ती फार थकली होती, पण मला ओळखलं. ऐकून रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"एक गोष्ट इचारायची होती त्याले," ती म्हणाली. "दोघाईले दोन रस्ते होते म्हने. माह्या पोराले तोच रस्ता काहून देल्ला? कोनं देल्ला? दर खेपेले जिभेवर येये."

"मग विचारलं का नाही, माय?"

"इचारलं असतं तं तो पुन्हा आला नसता. मंग माह्याकडे कोन येत होतं?"

मामाजींनी मला सगळं सांगितलंय, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती पाकिटं कोणी वाटली, की कोणतं कोणी न्यायचं ते मामाजींनीच ठरवलं होतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ठाऊक असेल असं तिला वाटलं असावं. मग तिनं नजर काढून घेतली आणि चुलीत काटक्या सारायला उठली.