कमरेची वस्तू

डिसेंबरात इथे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला, चारच्या आत अंधार पडतो, आणि अंधार पडला की बाबा कंबर चाचपायला लागतात. उजवा हात स्वेटरखाली जातो, पट्ट्याच्या आतून काहीतरी शोधतो आणि रिकामा बाहेर येतो. मग सोफ्याच्या उशा निघतात, माझी लॅपटॉपची बॅग उलटी होते, फ्रीजसुद्धा उघडून पाहिला जातो. "माझी वस्तू कुठं ठेवलीत?" वस्तू म्हणजे त्यांचं रिव्हॉल्व्हर. नागपूरच्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नाही. चष्म्याबद्दल बोलावं तितक्या सहज सगळे 'वस्तू' म्हणायचे.

ती वस्तू आता नाही. आई गेल्यावर बाबांना इकडे आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ती विकली, लायसन्स परत केलं आणि नंतर ते सगळं विसरले. विसरणं हाच त्यांचा आजार. मी दर वेळी सांगतो, "बाबा, विकलीत तुम्ही," आणि ते दर वेळी नव्यानं हादरतात. लायसन्सची वस्तू हरवणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नातीचं नाव आठवत नाही, पण कायदा तोंडपाठ आहे.

इथे तर साध्या माणसाला असलं काही जवळ बाळगताच येत नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "अरे, त्यांना सांग ना, बसमध्ये रिव्हॉल्व्हर हा शब्द मोठ्यानं नको. कोणीतरी रिपोर्ट करेल, उद्या आर्म्ड पोलीस दारात!"

"येऊ देत," मी म्हणालो. "बाबा आधी त्यांच्याकडेच चोरीची तक्रार नोंदवतील."

दोघंही हसलो, पण ते काही हसण्यासारखं नव्हतं. नोव्हेंबरात बाबा वस्तू शोधायला म्हणून घरातल्या सपाता घालून दोनदा बाहेर निघून गेले. दुसऱ्या वेळी शेजारच्या बाईंनी त्यांना बस स्टॉपवरून परत आणलं. मेमरी क्लिनिकच्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर केअर होमचा विचार करावा लागेल. भली बाई होती, उगाच घाबरवत नव्हती. पण जिथं कुणाला मराठीचा एक शब्द कळत नाही अशा जागी बाबा किती दिवस काढतील, हे मला दिसत होतं.

त्याच भेटीत तिनं विचारलं, ते रोज नेमकं शोधतात तरी काय? मी बाबांना मराठीत विचारलं. ते ताठ बसून म्हणाले, "माझं रिव्हॉल्व्हर. भरलेलं आहे, सांग तिला."

मी तिला सांगितलं, "चाव्या."

ती समजुतीनं हसली. म्हणाली, सोपं आहे, एक जादा जुडगा देऊन टाका, हाताला काहीतरी सापडलं की ते शांत होतील. थापेतून निघालेला सल्ला, पण मी तो घेतला. बुडत्याला काडीचा आधार.

चाव्यांचा जुडगा बाबांनी पट्ट्यात खोचला, दोन पावलं चालले आणि काढून माझ्या हातात ठेवला. "वाजतं हे. लपवायची वस्तू वाजून कसं चालेल?"

चष्म्याची केस त्यांना हलकी वाटली. "रिकामी आहे का?" माझं स्टेपलर कमरेला घेऊन ते सोफ्यावर बसले आणि लगेच उठले. बसल्यावर टोचतं म्हणाले. टीव्हीचा रिमोट लांब, वाकलं की शर्टातून डोकं काढतो. मी चिडलो, थट्टाही केली. पण प्रत्येक नकाराला कारण होतं आणि कारण बरोबर होतं. चालून बघ, वाकून बघ, बसून बघ, शर्टावरून कुणाला दिसतं का ते बघ. ही पारख मी आधी एकदा पाहिली होती. ते आठवलं आणि माझी थट्टा तिथंच थांबली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. नागपूरला इतवारीत आमचं सराफी दुकान होतं, बाबा आणि माझा काका मिळून चालवायचे. अंधार पडला की दुकान बंद करून दागिन्यांची बॅग घरी आणायची. बॅग काकाच्या हातात असायची आणि रिव्हॉल्व्हर बाबांच्या कमरेला. जुनं, लांब नळीचं धूड होतं ते. एका संध्याकाळी बाबा तापानं फणफणले होते. काका एकटाच निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "दादा, आजच्या दिवस तुझी वस्तू देतोस का?"

"लायसन्स माझ्या नावावर आहे," बाबा पांघरुणातून म्हणाले. "उद्या कुणी पकडलं तर दोघंही आत जाऊ."

काका हसला, मला टपली मारली आणि गेला. परत येताना गल्लीच्या तोंडाशी त्याला गाठलं. डोक्यात लोखंडी गज घातला होता. बॅग परत मिळाली नाही, मारणारेही सापडले नाहीत. काका दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी बाबा मला घेऊन बंदुकांच्या दुकानात गेले. जुनं देऊन छोटं घ्यायचं होतं, रोज, सगळीकडे, न विसरता अंगावर ठेवता येईल असं. दुकानदारानं चपटं पिस्तूल पुढे केलं, हे जास्त लपतं म्हणाला. बाबा म्हणाले, "रिव्हॉल्व्हरच हवं. एक गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरा विचार नको." मग आखूड नळीची दोन-तीन त्यांनी एकामागून एक कमरेला लावून पाहिली. एकाचा घोडा अस्तरात अडकत होता. एकाचं गोळ्यांचं चक्र बुशशर्टातून फुगीर दिसत होतं. शेवटचं लावून ते वाकले, स्टुलावर बसले, स्कूटरवर मांड टाकावी तसा पाय उचलून पाहिला. मला विचारलं, "दिसतं का?"

"नाही दिसत," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, समाधान नव्हतं. काकाला द्यायला हवी होती ती वस्तू ते उशिरा विकत घेत होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यानंतर लग्नात, पंगतीत, देवळात, सगळीकडे ती त्यांच्या कमरेला राहिली. दुकान विकल्यावरही राहिली. तिच्यातून कधी एक गोळी उडाली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. मी काकावर गेलोय, असं सगळे म्हणायचे. तेच कपाळ, तीच चाल. मी काकाच्या वयाचा झालो तेव्हापासून बाबा माझ्याकडे सरळ बघत नसत. बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर जायची. मला राग यायचा. मी तो कधी बोलून दाखवला नाही, नोकरी घेऊन इतक्या लांब आलो एवढंच.

शेवटी जमला तो आईचा अडकित्ता. आईची एवढीच वस्तू मी इकडे आणली होती. पितळी, जड, मुठीत मावणारा, धार कधीच गेलेली. बाबांनी तो मिटून कमरेला खोचला. चालले, वाकले, बसले. मग माझ्या बायकोला विचारलं, "दिसतं का गं?"

"नाही, बाबा. अजिबात दिसत नाही," ती म्हणाली आणि डोळे पुसायला किचनमध्ये गेली.

त्या दिवसापासून उशा जागेवर राहिल्या. अंधार पडला की बाबांचा हात कमरेला जायचा, अडकित्ता लागायचा, हात परत मांडीवर यायचा. ते बाहेर गेले नाहीत. होमचं नाव निघेनासं झालं. मला वाटलं, सुटलो.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. दूध संपलं होतं, म्हणून मी जॅकेट चढवून निघालो. बाहेर काळोख, समोरच्या घरांवर रंगीत दिवे. बाबा हॉलमध्ये दाराला पाठ लावून उभे होते. गाल तापल्यासारखे लाल, आणि कितीतरी वर्षांनी थेट माझ्या डोळ्यांत बघत होते.

"आज मला बरं नाही," ते म्हणाले. "तू एकटा चाललास."

त्यांनी कमरेचा अडकित्ता काढून माझ्यासमोर धरला. "ही घेऊन जा."

मला 'बाबा' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "आणि लायसन्स?"

"खड्ड्यात गेलं लायसन्स!"

उभ्या जन्मात रस्त्यात कागदाचा कपटा न टाकलेला माणूस. त्यांनी माझं जॅकेट वर केलं, अडकित्ता माझ्या पट्ट्यात खोचला, जॅकेट नीट खाली ओढलं. "वाक." मी वाकलो. "बस." मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मागे सरून त्यांनी मला सगळीकडून पाहिलं. "दिसत नाही. जा आता. गल्लीच्या तोंडाशी सांभाळ."

दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो रस्ता मला इतका लांब कधी वाटला नव्हता. पितळ बरगडीखाली गार लागत होतं. मागून कुणाची तरी पावलं आली आणि माझा हात आपोआप कमरेकडे गेला. एक बाई फोनवर बोलत मला ओलांडून गेली. स्टेशनच्या बाजूनं दोन पोलीस येत होते. मी हात खिशात कोंबला, गुन्हेगार असल्यासारखा. मला खरोखरच भीती वाटत होती, आणि ती माझी नव्हती. शेवटच्या वळणाशी काका अशीच मागची पावलं ऐकत चालला असेल, हात रिकामा, कमर रिकामी, असं वाटलं आणि मी थांबलो. मग दूध न घेताच परत फिरलो.

घरात दिवा लावलेला नव्हता. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते, नजर रस्त्यावर. दार उघडल्याचा आवाज झाला तशी त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आलास?"

मी अंधारात उभा होतो. चेहरा त्यांना दिसत नसेल, चाल ऐकू आली असेल.

"आलो, दादा."

त्यांनी माझे रिकामे हात चाचपले आणि हळूच विचारलं, "बॅग?"

"बॅग गेली, दादा."

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "हातपाय धू. जेवायला बस."