नोलाच्या घराखालची ओल

नोला टॅन्सलीला 'नाही' म्हणायला कधी कारण लागलं नाही. ते ती मागाहून शोधायची. मी तिच्या कुंपणापलीकडे राहते, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर हॉस्पिटलने तिला धरून चालायची चौकट दिली. ती तिने परसात नेऊन उभी केली आणि तिच्यावर वाटाण्याचे वेल चढवले. तरुणपणी ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वयंपाकीण म्हणून रानोमाळ हिंडली होती. भले दांडगे पुरुष तिने हाक मारल्याशिवाय ताटाला हात लावत नसत. अशा बाईला 'आता तुझं वय झालं' म्हणायची हिंमत फक्त पोटच्या पोरालाच होऊ शकते.

तिचा मुलगा ब्रेंट ऑकलंडला असतो. जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला, मागच्या खोलीत झोपला आणि सकाळी नाक मुरडत म्हणाला, "आई, इथे कुबट वास येतोय."

वास होताच. मलाही यायचा, पण नोलाला सांगणार कोण? वांगानुई गावात आमची जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत. फळ्यांच्या खाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी असते, आणि ती कोरडी राहिली तरच घर टिकतं. ब्रेंटने पुढच्या भिंतीतलं छोटं दार काढून आत बॅटरी मारली, तर खाली चिखल. बाहेर महिनाभर पावसाचा थेंब नाही, सगळ्या गल्लीचं गवत करपलेलं, आणि हिच्या घराखाली चिखल!

टमाती प्लंबर आला. भला माणूस, पण अंगाने प्रशस्त. अर्ध्यापर्यंत सरपटत गेला आणि तसाच उलटा बाहेर आला.

"आंटी, मागच्या अंगाला जमीन चढत जाते. मी जातो म्हणतो, पोट नको म्हणतं."

त्याने घराचा मुख्य कॉक दिवसभर बंद ठेवून पाहिला. ओल होती तशीच. मग डोकं खाजवत म्हणाला, "घराच्या पाइपांचं पाणी नाही हे. मागे टेकडी आहे, बहुतेक जमिनीतूनच झरत असेल. पण शपथेवर नाही सांगत हं."

ब्रेंटला शपथ नकोच होती. "झरा आहे, आई! खुंट कुजणार, घर बसणार. वेळेत विकून टाकू. माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी छान छोटी घरं बांधलीत. झाडलोट नाही, काही नाही."

"झाडलोट नाही, मग तिथे मी दिवसभर करू काय? तुझी वाट बघू?"

"आई, अगं, हट्ट करू नकोस."

नोला ओट्याला टेकून उभी होती. मी चहा घेत होते, उठून जावं की बसावं कळेना. शेवटी ती म्हणाली, "पाणी जमिनीचं असेल तर मी येते. ही ग्वेन साक्षीला आहे. पण ते जमिनीचं आहे हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

ब्रेंटने लगेच शब्द पकडला. पुढच्या शनिवारी घरं विकणाऱ्या बाईला घेऊनच येतो म्हणाला. तो गेल्यावर मी नोलाला म्हटलं, "कशाला बोलून बसलीस?" तिचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत तो असा मी एकदाच पाहिला होता, तिचा नवरा डेस गेला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून हाक आली. "ग्वेन! बॅटरी धरायला ये. आणि तुझ्या घरचं पीठ पण आण."

बघते तर बाईंनी डेसची जुनी डांगरी चढवलेली, डोक्याला फडकं, हातात पिठाची चाळण.

"अगं, केक करायचाय की काय खाली?"

"ओल सगळीकडे सारखीच दिसते. पीठ भुरभुरलं की जिथे पाणी जास्त तिथलं आधी भिजेल. कणीक मळण्यात जन्म गेला, एवढं कळतं मला."

"नोला, गुडघा!"

"गुडघा लागतोय कुठे? पोटावर जायचंय."

आणि गेली. मी दारात पालथी पडून बॅटरी धरली. आत कोळिष्टकं, जुन्या विटा आणि पुढे सरकणारे तिचे तळवे. मधूनच एखादी शिवी ऐकू यायची, लोकर कातरणाऱ्या टोळीतली अस्सल. ती पीठ चाळत पार मागच्या खुंटांपर्यंत गेली आणि तिथेच हातावर डोकं टेकून पडून राहिली. मी घाबरून हाका मारल्या. "जिवंत आहे!" ती खेकसली. "पीठ भिजायला वेळ लागतो, तुला माहीत नाही का?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ग्वेन, बॅटरी डावीकडे घे."

सगळीकडे पीठ पांढरं होतं. मधोमध मात्र एक काळपट पट्टा उमटला होता, घराच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत अगदी सरळ.

"झरा म्हणे!" नोला आत खदखदून हसली. "झऱ्याला फूटपट्टी कुठे मिळाली गं?"

तिने खुरपं मागितलं. पट्टा सगळ्यात ओला होता तिथे उकरलं. एक काळा प्लास्टिकचा पाइप लागला, आणि त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेने बांधलेला सांधा. ट्यूब विरली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. एवढं मला तिने सांगितलं, आणि मग तिचा आवाज बंद झाला.

"नोला? काय झालं?"

"तार डेसने बांधलीय." मग रडका, चिडका आवाज आला. "टोक आत वळवलंय, माझ्या बोटाला लागू नये म्हणून. फाटकाच्या तारेला पण असंच करायचा. मला त्याचा इतका राग आलाय, ग्वेन, आणि ओरडायला तो नाहीये."

आता त्या पट्ट्याची सरळ रेघ मनातल्या मनात मागच्या भिंतीबाहेर न्या. ती थेट नोलाच्या लिंबाच्या झाडाशी जाते. तिच्या आईने दिलेलं झाड. एका उन्हाळ्यात ती टोळीबरोबर गेली असताना डेस त्याला पाणी घालायचं विसरला. ती परतली तर झाडावर पान नाही. मग जे रामायण झालं ते मी कुंपणाअलीकडून पुरतं ऐकलंय. पुढच्या वर्षापासून ते झाड कसल्याही उन्हात हिरवंगार. गुपित विचारलं की डेस डोळा मारायचा. "रोज संध्याकाळी मी जातीने त्याच्या मुळाशी उभा राहतो, बाबांनो!" लघवीने लिंबू फोफावतं म्हणून आमच्याकडे सगळेच पुरुष लिंबाच्या झाडाशी तसे उभे राहतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. माझ्या नवऱ्याने तर नेमाने केलं बिचाऱ्याने. आमचं झाड मेलं.

आणि हा पठ्ठ्या! प्लंबर न बोलावता, कुणाला न विचारता, रस्त्याच्या पाइपाला घराच्या कॉकच्या अलीकडेच जोड मारून घराखालून झाडापर्यंत पाइप नेऊन बसला होता. टमातीने घराचा कॉक दिवसभर काय, वर्षभर बंद ठेवला असता तरी ओल हटली नसती. आमच्या गल्लीत पाण्याला मीटर नाही, म्हणून इतकी वर्षं ते खपून गेलं. टमातीने येऊन रस्त्याकडचा जोड कायमचा बंद केला आणि हसून हसून खाली बसला. "आंटी, काका ग्रेट होते," म्हणाला.

शनिवारी ब्रेंट आला, सोबत घरं विकणारी ती बाई. नोलाने पाइपाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. खालची माती तोवर भेगाळायला लागली होती. ब्रेंटने वाकून पाहिलं, हात लावला. पण तोही तिचाच मुलगा.

"म्हणजे तू खाली शिरलीस? ह्या वयात? हेच म्हणतोय मी! पडली असतीस तर?"

"आडवीच होते. पडणार कुठे?"

ती बाई फिसकन हसली आणि ब्रेंटने पाहिल्यावर खोकली.

"चेष्टा नकोय, आई. रात्री झोप लागत नाही मला. तू इथे एकटी."

हे मात्र तो मनापासून बोलला. नोलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ओट्याखालची झारी काढून नळाखाली धरली.

"घराखाली पाणी होतं, म्हणून मी जावं असं तुझं म्हणणं. आता ते बंद झालंय. तुझ्या बापाने ते झाड माझ्या धाकाने इतकी वर्षं जगवलं, मेल्यावरसुद्धा. आता त्याला रोज संध्याकाळी पाणी कोण घालणार? तू ऑकलंडहून येणार?"

झारी भरून वाहायला लागली. ब्रेंटने नळ बंद केला, तिच्या हातातून झारी घेतली आणि परसात गेला.

"मुळाशी घाल!" नोला खिडकीतून ओरडली. "पानांवर नको!"