ह्यांचं पान कुणी खाली ढकललं?

काल सकाळी दारात कोलमची रांगोळी घातली, दूध तापवलं आणि कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत रोजच्यासारखं फोनवर ‘डांगर पचडी’ शोधलं. आपल्या तंजावरच्या मराठी घरांतले पदार्थ ह्यांनी नेटवर लिहून ठेवलेत. हे जाऊन तीन वर्षं झाली. शोधलं की ह्यांचंच पान पहिलं यायचं. दिवसातून एकदा ह्यांचं नाव सगळ्यांच्या वर दिसायचं, तेवढंच.

काल वर हॉटेलं, मसाल्याची दुकानं, व्हिडिओ. ह्यांचं पान कितीतरी खाली सापडलं.

चेन्नईला मुलीला फोन लावला.

“अम्मा, लोक जास्त बघतात ते वर येतं म्हणे.”

“मी रोज बघते, ते धरत नाहीत?”

“कसं ठरवतात ते कंपनीवाले पुरतं कुणालाच सांगत नाहीत, अम्मा.”

रेशनच्या यादीतून नाव गेलं तर विचारायला एक खिडकी तरी असते. इथे कुणाला विचारायचं? तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?

आज सकाळी वही घेऊन बसले आणि तमिळ शाळेत शिकल्यामुळे चाळिशीनंतरच शिकलेल्या माझ्या देवनागरीत ह्यांची डांगर पचडी उतरवून काढली.