पक्ष्याच्या छातीवरचं लाल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — खरंच माहीत नाही.

चर्चच्या रंगीत काचा दुरुस्त करणं हा माझा धंदा. इंदिरानगरात घरामागेच शेड आहे. आमच्या घरी देव्हारा, एकादशी, सगळं रीतसर; पण काचेला कसला आलाय धर्म, असं मी तोऱ्यात म्हणायचे. कोकरू म्हणजे येशू, लिली म्हणजे मरिया — एवढ्यावर खिडक्या वाचता येतात अशी घमेंड होती मला.

ती खिडकी रूथची. तलावात बुडणाऱ्या धाकट्या भावाला काठावर ढकलून ती स्वतः गेली. तिच्या आईनं, अम्मांनी, तिच्या आठवणीसाठी ती करवून घेतली होती. पांढरा पक्षी, मान छातीकडे वळवलेली, पायाशी पिल्लं. शिशाचे सांधे सैल झाले म्हणून ती माझ्याकडे आली. मी पाहिलं — हंस. सरस्वतीपाशी असतो तोच. मग त्याच्या छातीवर लाल कशाला असेल? भट्टीत भाजलेला रंग सुटत नाही. हा तर ओल्या कापसानं सुटत होता. म्हणजे डागच. मी तो पुसला. वर खूशही झाले.

खिडकी परत बसवल्यावर अम्मा मुलाचा, रूथनं वाचवलेल्या त्या धाकट्याचा, हात धरून आल्या. बराच वेळ वर पाहत राहिल्या.

"रक्त कुठं गेलं, मगळे?" मगळे म्हणजे त्यांच्या कानडीत लेकी.

मग त्यांनीच समजावलं. तो पेलिकन. पिल्लं मरू नयेत म्हणून आपली छाती फोडून रक्त पाजणारा. येशूची खूण — आणि त्यांच्या रूथची.

मला कळलं, तिथल्या तिथे: मी पुसला तो डाग नव्हता, न भाजता वरून दिलेला रंग होता. सांगता आलं नसतं का? लाल रंग पुन्हा द्यायला एक दुपार पुरली असती. पण शेजारी पाद्री उभे होते, बाकीच्या खिडक्यांचं काम अजून मिळायचं होतं — आणि मी म्हणाले, "नव्हतंच, अम्मा. तुम्हाला नीट आठवत नसेल."

मुलगा काय बोलणार? त्यानं त्या खिडकीकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. त्याला पाहवत नसे. "हल्ली स्वल्प विसरते," तो पाद्रींना हळूच म्हणाला.

तिथून सुरू झालं. आधी अम्मांकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या, मग एकटीनं चर्चला जाणं बंद केलं. अम्मा काही म्हणाल्या की घरचे एकमेकांकडे बघत. हळूहळू त्यांचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. याला भ्याडपणा म्हणू? मला तो शब्द फार सौम्य वाटतो.

नाताळात त्या माझ्या घरी आल्या, कलकलचा, त्यांच्या सणाच्या तळलेल्या गोडाचा, डबा घेऊन. तुझ्यावर उगीच आळ घेतला, मला क्षमा कर, म्हणाल्या. मी डबा घेतला. असू दे, अम्मा, म्हणाले.

पुढे अम्मा वारल्या. मुलानं खिडकीवर रूथच्या नावाखाली त्यांचं नाव घालायला सांगितलं. ते मी भट्टीत पक्कं भाजून दिलं, कधी पुसलं जाणार नाही असं. लाल रंग तेव्हाही शेडमध्ये होता. पक्ष्याची छाती अजून पांढरीच आहे.