लेवानची बाटली

शनिवारी नोव्हाय गावी जोशीकाकांकडे जेवायला गेलो होतो. काकांनी हौसेनं वाइन उघडली. "जॉर्जिया देशातली बरं का, अटलांटावाला जॉर्जिया नव्हे. मातीच्या रांजणात, जमिनीत पुरून करतात." चहासारखा रंग, आणि वास जर्दाळूचा, ओल्या मातीचा. त्या वासासरशी मी शिकत असतानाच्या, ॲन आर्बरच्या जुन्या किचनमध्ये जाऊन उभा राहिलो.

लेवान माझा रूममेट, त्याच देशातल्या काखेती प्रांतातला. वडिलांनी द्राक्षबाग विकली, त्याआधीच्या शेवटच्या द्राक्षांची वाइन त्यानं कोकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून आणली होती. माझ्या कॉन्व्होकेशनला आई-बाबा पुण्याहून येणार होते. आईला फ्रिजमध्ये दारू दिसायला नको, म्हणून मी ती बाटली सिंकमध्ये उपडी केली. गढूळच तर दिसतेय, नासली असेल, असं स्वतःला समजावलं. त्याला विचारायचं सुचलंही नाही.

लेवान आला तेव्हा तळाचा गाळ नळाच्या पाण्याबरोबर वाहून जात होता. त्यानं पुढे होऊन नळ बंद केला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या आई-बाबांसाठी ठेवली होती," एवढंच म्हणाला. "पहिला ग्लास पाहुण्यांचा असतो आमच्याकडे."

दुसऱ्याच दिवशी, पोचल्या पोचल्या बाबांनी, तेही आईसमोर, विचारलं, "काय रे, इकडे वाइन चांगली मिळते म्हणे?"

"कशी वाटली?" जोशीकाका विचारत होते.

"पहिल्यांदाच पितोय," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. सिंकमध्ये ओतण्याआधी मी घोटभरही चाखून पाहिली नव्हती.