काचेत न मावणारी चित्रं

दिनकर गेल्याचं त्याच्या बायकोने, कुसुमवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला रागच आला. साठी उलटून चार वर्षं झाली नाहीत आणि हा गडी अर्धं चित्र टेबलावर टाकून खुशाल निघून गेला... आज दीड महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तो फिटर होता, मी कारकून. सुट्टीच्या दिवशी नाशिक रोडला त्याच्या घरी जायचो आणि पसाऱ्यातून वाट काढत बसायचो. कॅनव्हासवर तो रंगात केंद्रातली राख कालवून थर द्यायचा. त्यात ना घर ना झाड, नुसते करडे-तांबडे पट्टे. त्यावर कोळशाने काढलेला एखादा चेहरा. आणि यंत्रांच्या खोक्यांच्या जुन्या फळ्या कोरून केलेला खांदा नाहीतर हात, चित्रातून चांगला चार बोटं पुढे आलेला. एकदा मदत म्हणून मी त्या फळ्यांतले गंजलेले खिळे पकडीने उपटून ठेवले. त्याने कपाळावर हात मारला आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या भोकात परत बसवला. "अरे शहाण्या, हे त्या लाकडाचं आयुष्य आहे," म्हणाला. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

प्रदर्शनवाल्यांशी त्याचं कधी जमलं नाही. चित्र म्हणावं तर लाकूड, शिल्प म्हणावं तर रंग! एका परीक्षकांनी प्रेमाने समजावलं, "रंगकाम छान आहे हो. तेवढं लाकूड काढा, अमूर्त म्हणून घेऊ."

"माणूस काढला तर राहिलं काय? राख!" म्हणत दिनकरने चित्र स्कूटरला बांधलं. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. याने थोडं नमतं घ्यावं, असं मला तेव्हा वाटायचं. साफ चुकत होतो मी.

मध्यंतरी त्याच्या आठवणीसाठी म्हणून शहरात प्रदर्शन ठरलं. आम्ही चित्रं पोचवली. चौकटींवर काच बसेना, तेव्हा आयोजक म्हणाले, लाकडी भाग सोडवून शेजारी टांगू. जन्मभर ज्याला तो नाही म्हणाला, ते आता करायचं, का तर नाही म्हणायला तो उरला नाही म्हणून! मी तोंड उघडणार, तोच चारचौघांत कधी न बोलणाऱ्या वहिनी उठल्या. "भाऊजी, टेम्पो बोलवा," एवढंच म्हणाल्या.

आता सगळी चित्रं त्यांच्या दोन खोल्यांत आहेत. पलंगाच्या वर, ओट्याशेजारी, दारामागेसुद्धा. कॉलनीतली माणसं बघायला येतात आणि बिचकून उंबऱ्यातच थांबतात. वहिनी कणकेचे हात पुसत बाहेर येतात आणि आपल्या निफाडकडच्या बोलीत दटावतात, "लांबून काय बघता? हात लावा की. मोडणारा नाय तो."