चार भोकांचं मशीन

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत संसार होता आणि दुसरीत कारखाना. त्याला कारखाना म्हणायला मी कधी लाजले नाही. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातली पक्की नोकरी सोडून ह्यांनी लाउडस्पीकरचे अँप्लिफायर बनवायला घेतले होते. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणायचो. ट्रान्सफॉर्मरची तार मी गुंडाळायचे, जोडणी हे करायचे.

नाव मात्र आमचं नव्हतं. सगळा माल गिरगावातला एक व्यापारी उचलायचा आणि दर्शनी पत्र्यावर स्वतःच्या नावाची इंग्रजी पितळी पाटी चार स्क्रूंनी बसवायला लावायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, माल विलायती. त्या पाटीचा मला पहिल्यापासून राग होता, पण घर तिच्यावर चालत होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या तेव्हा परळच्या सभांना आम्ही एक मशीन फुकट देऊ लागलो. घरचंच कार्य होतं ते. थोड्याच दिवसांत व्यापारी दारात हजर.

"वहिनी, माझा माल साहेब लोकांच्या हापिसात जातो. माझी पाटी त्या स्टेजवर दिसली तर नाव बदनाम होतं. एक तर सभा, नाहीतर माझी ऑर्डर. काय ते ठरवा."

हे खाली मान घालून बसले. ऑर्डर गेली तर पुन्हा गिरणीच्या गेटवर हात जोडून उभं राहायचं, हे दोघांनाही कळत होतं. मी ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, सभेच्या मशीनची पाटी काढली आणि व्यापाऱ्यापुढे ठेवली.

"घ्या तुमचं नाव. आता नाही व्हायचं बदनाम."

मग घरातल्या बाकीच्या मशीनांच्याही काढल्या. पाट्यांबरोबर ऑर्डरही गेली; पत्र्यांवर उरली ती स्क्रूंची चार-चार भोकं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बरां केलंस गो." हे मात्र कित्येक दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. "चूल तुझ्या तोऱ्यावर पेटणार का?" एवढंच एकदा विचारलं. भीती मलाही होती. पश्चात्ताप मात्र औषधालाही नव्हता.

सभांना ते बिननावाचं मशीन जातच राहिलं. एकदा लाठीमारात ते स्टेजवरून खाली आपटलं, पत्रा चेपला, पण आवाज गेला नाही. कुणीतरी माइक उचलला आणि सभा पुढे चालू झाली. त्यानंतर लोक विचारत यायला लागले, "ते चार भोकांचं मशीन इथेच मिळतं ना?" भजनी मंडळं आली, गणपतीवाले आले, दादरचा एक मंगल कार्यालयवाला आला. आता पाटी नाही तर भोकं कशाला, म्हणून ह्यांनी एक साधा पत्रा लावला, तर ते मशीन नकली म्हणून परत आलं. हे हसत हसत ड्रिल घेऊन बसले. पाटी गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

महाराष्ट्र मिळाला. गल्लोगल्ली कर्णे हवे होते. व्यापारी परत आला, खिशात पाट्या घेऊन. "वहिनी, झालं गेलं विसरा."

"मशीनं देते. पाट्या घेऊन जा. एकही लावलीत तर पुढचं मशीन मिळणार नाही."

पुढे एकदा आम्ही गिरगावात गेलो. त्याच्या दुकानाच्या काचेत आमचं मशीन मांडलेलं होतं, चारही भोकं उघडी. त्याने वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"चल, लोक बघतायत," हे म्हणाले.

"बघू देत. माझं अजून बघून झालं नाही."